दोन जावा आणि एक बिल्ड

धाकटी जाऊ नोकरीला लागली त्या दिवशी थोरलीचं ऑफिसातलं नाव बदललं. त्याआधी पंधरा वर्षं ती ‘मॅडम’ होती. लोकांनी टेबलापासून दोन हात लांब उभं राहून, जरा दबकून म्हणायची मॅडम. धाकटी पहिल्याच सकाळी मजल्याच्या पार त्या टोकाकडून हात हलवत आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "वहिनी, कॉफीचं मशीन कुठंय हो?"

झालं. आठवडाभरात अख्खा मजला तिला वहिनी म्हणायला लागला. एकदा तर साहेबही म्हणाले, आणि आपण काही वेगळं बोललो असं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

यात गंमत अशी, की धाकटीचा अर्ज साहेबांच्या हातात नेऊन दिला होता तो थोरलीनंच. घर एकच होतं. खाली थोरली, तिचा नवरा आणि सासूबाई, वर दीर आणि धाकटी, मधे एक जिना. धाकटीची आधीची कंपनी बंद पडली, तेव्हा सासूबाई दोन दिवस थोरलीच्या मागे लागल्या होत्या. "तुझ्या शब्दाला तिथं वजन आहे गं. टाक एक शब्द." या वजनाच्या स्तुतीला थोरली भुलली, आणि आता हात दाखवून अवलक्षण झालं होतं.

कंपनी वजनकाटे बनवायची. औषधाच्या दुकानात टेबलावर ठेवायच्या नाजूक काट्यापासून ते भरलेला ट्रक उभा राहील अशा काट्यापर्यंत पाच प्रकार, आणि पाच प्रकारांचे पाच गट. पण काटा लहान असो की मोठा, आतलं पुष्कळसं काम सारखंच. सेन्सरकडून आकडा घ्यायचा, त्याची थरथर काढायची, तो पडद्यावर दाखवायचा. हे सारखं काम पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून त्याचा कोड एका जागी ठेवलेला होता. त्या साठ्याला सगळे ‘लायब्ररी’ म्हणायचे. नऊशे फायलींची ती लायब्ररी पाचही गट वापरायचे.

आता माणसानं लिहिलेला कोड काट्याला तसाच्या तसा पचत नाही. त्याचं काट्याला चालेल असं रूप करावं लागतं. कुठली फाइल आधी, कुठली नंतर, कुठल्या काट्यासाठी कुठला पर्याय चालू आणि कुठला बंद. या सगळ्या खटाटोपाला म्हणतात बिल्ड. लायब्ररीचा बिल्ड थोरलीनं नोकरीच्या पहिल्या वर्षी एका फाइलमध्ये लिहून काढला होता. तेव्हा ती फाइल दोनशे ओळींची होती. पुढे नवा काटा आला की शंभर ओळी वाढायच्या, नवा कंप्युटर आला की पन्नास. पंधरा वर्षांत तिच्या चार हजार ओळी झाल्या, आणि त्यात कुठं काय आहे हे जगाच्या पाठीवर एकाच माणसाला ठाऊक होतं.

बिल्ड तुटला की लोक तिच्या टेबलाशी यायचे. ती चष्मा कपाळावर चढवायची, पडद्याकडे बघायची, कुठंतरी दोन अक्षरं बदलायची.

"झालं?"

"झालं."

काय झालं होतं, हे ती कधी सांगायची नाही. "सांगत बसण्यापेक्षा करून देणं सोपं," असं म्हणायची. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की टेबलाशी उभं राहिलेलं माणूस तिला आवडायचं.

धाकटीनं दुसऱ्या महिन्यात एक कागद तयार केला. त्यावर तिनं मोजमाप लिहिलं होतं. पूर्ण बिल्डला लागतात एक्केचाळीस मिनिटं. एका फाइलमधली एक ओळ बदलली तरी एक्केचाळीस मिनिटंच, कारण थोडाच भाग बिल्ड केला तर तो बरोबर निघेल याची कुणालाच खात्री नाही. आणि नव्या माणसाच्या कंप्युटरवर पहिला बिल्ड यशस्वी व्हायला लागतात नऊ दिवस.

"नऊ दिवस कुणाला लागले?" बैठकीत साहेबांनी विचारलं.

"मला," धाकटी हसून म्हणाली. "तेही वहिनी शेजारी असताना. नाहीतर महिना गेला असता."

सगळे हसले. थोरलीही हसली. ओठ हसले, पण कानाच्या पाळ्या तापल्या. या हसऱ्या वाक्यात आपली स्तुती आहे की खोड काढली आहे, हे तिला कळेना, आणि न कळण्याचाच तिला जास्त राग आला.

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेब म्हणाले.

"बिल्ड सिस्टिम बदलू या. आपण हातानं लिहिलेली फाइल सांभाळण्यापेक्षा तयार, जगभर वापरात असलेली एखादी निवडू या. कुठली फाइल कुठल्या फाइलवर अवलंबून आहे हे ती स्वतः ओळखते. जेवढं बदललं तेवढंच पुन्हा करते. पाचही गटांना चालेल, सगळ्यांच्या कंप्युटरवर चालेल, अशी बघू."

साहेबांना ते पटलं. सहा आठवडे अभ्यास, मग पाच गटप्रमुखांचं मत, असं ठरलं.

घरी त्या दिवशी सासूबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या त्या हरखूनच. "ऐकलंस का? तिनं म्हणे तुमच्या साहेबांना पटवलं. कसं चटचट असतं तिचं!"

"हो," थोरली म्हणाली आणि कपाटाचं दार जरा जोरात लावलं.

नवरा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाला, "अगं, चांगलंच आहे की. तुझाच भार हलका होईल."

"मी कधी भार म्हटलं होतं?"

तो पुन्हा वर्तमानपत्रात गेला. शहाणा माणूस.

कानामागून आली आणि तिखट झाली, हे थोरलीनं मनात किती वेळा म्हटलं असेल याची मोजदाद नाही. पण मुळातलं दुखणं निराळंच होतं, आणि ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. धाकटी ज्या सिस्टिमबद्दल बोलत होती, ती थोरलीनं तीन वर्षांपूर्वीच वाचली होती. नुसती वाचली नव्हती, लायब्ररीच्या साठ फायली तिच्यावर चढवून पाहिल्या होत्या. झकास चालल्या होत्या. चार मिनिटांचं काम सोळा सेकंदांत. मग तिच्या लक्षात आलं, की हे आलं तर बिल्ड कुणालाही करता येईल. तिनं ते सगळं एका फोल्डरमध्ये घातलं, फोल्डरला ‘जुनं’ असं नाव दिलं, आणि पुन्हा उघडलं नाही.

म्हणजे धाकटी बरोबर होती, आणि ती बरोबर आहे हे त्या मजल्यावर सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं ते थोरलीला. जळायला याहून कोरडं लाकूड कुठलं?

जुनीच फाइल ठेवा म्हणावं, तर लोक म्हणणार, बाई मागं पडल्या. म्हणून दोन रविवार खर्चून तिनं तिसरीच एक सिस्टिम शोधली. ती वेगानं धाकटीच्या सिस्टिमच्याही पुढं होती, पण इतकी नवी, की अडलं तर विचारायचं कुणाला हा प्रश्न. बैठकीत थोरलीनं तिची बाजू इतकी नीट मांडली, की दोन गटप्रमुख तिच्याकडे झुकले. धाकटीनं तिचं सगळं बोलणं लिहून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "वहिनी, जुन्या काट्याचा कंपायलर हिच्यात बसतो का?"

कंपायलर म्हणजे कोडचं ते रूपांतर करणारा प्रोग्रॅम, आणि जुना काटा म्हणजे औषधाच्या दुकानांतला, वीस वर्षांपूर्वीच्या चिपवर चालणारा. तो अजून हजारो दुकानांत होता. त्याचा कंपायलर थोरलीच्या सिस्टिममध्ये बसत नव्हता. तिनं ते पाहिलं होतं, आणि कुणी विचारणार नाही अशी आशा केली होती.

"बसवता येईल," ती म्हणाली.

तीन विरुद्ध दोन मतांनी धाकटीची सिस्टिम ठरली.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी जुनी फाइल ओळीओळीनं वाचून नव्या सिस्टिममध्ये उतरवायला बसली. अडलं की थोरलीला विचारायची. थोरली मोजकं सांगायची, विचारलं तेवढंच, त्याच्या पलीकडे अक्षर नाही. एका सकाळी दोघी निघायच्या वेळी जिन्यात भेटल्या. धाकटी एका हातानं बुटाचा बंद ओढत होती.

"वहिनी, तेविसाव्या शतकात एक ओळ आहे बघा." दोन हजार तीनशेच्या आसपासच्या ओळींना ती तेविसावं शतक म्हणायची. "जुन्या काट्यासाठी एक पर्याय चालू केलाय, मधल्या मोकळ्या जागा काढा म्हणून. तो कशासाठी? त्याशिवायही बिल्ड होतोय, काही तक्रार येत नाहीये."

थोरलीला ती ओळ पाठ होती. जुन्या काट्याचा सेन्सर आपला आकडा बाकीच्या माहितीला चिकटवून पाठवायचा, मधे रिकामी जागा न सोडता. कंपायलर मात्र आपल्या सोयीसाठी मधे एक घर रिकामं धरायचा. ती ओळ नसली तर सगळा आकडाच एक घर सरकायचा. ही भानगड शोधायला बारा वर्षांपूर्वी तिचे अकरा दिवस गेले होते, नाकी नऊ आले होते. आणि शोधून झाल्यावर शेजारी एक शब्द लिहून ठेवायचा तिनं कंटाळा केला होता.

हे सगळं तिला क्षणात आठवलं. धाकटीनं बंद बांधला आणि वर पाहिलं.

"असेल काहीतरी जुनं," थोरली म्हणाली. "टाक काढून."

"नक्की?"

"अगं, सांगतेय ना."

आपण असं का बोललो हे तिला ठाऊक होतं. उद्या खरं सांगू, असं तिनं स्वतःला सांगितलं. उद्या ती सांगणार होती, परवा सांगणार होती, सोमवारी तर नक्कीच. पण दरम्यान नवा बिल्ड सात मिनिटांवर आला, गटप्रमुख धाकटीच्या टेबलाशी थांबून बोलायला लागले, आणि सोमवार येऊन गेला.

चौथ्या आठवड्यात लायब्ररी चाचणीला गेली. चाचणीच्या खोलीत पितळी वजनांची पेटी घेऊन बसणारे एक गृहस्थ होते. त्यांना सगळे काटेवाले काका म्हणायचे. वजनाला बोटाचा घाम लागू नये म्हणून ते प्रत्येक वजन कापडात धरून ठेवायचे. त्यांनी जुन्या काट्यावर अडीचशे ग्रॅमचं वजन ठेवलं आणि दारात येऊन, आवाज न चढवता म्हणाले, "जरा येता का कुणी? अडीचशे ग्रॅमचे चौसष्ट हजार झालेत."

सगळे जमले. काकांनी वजन काढून पुन्हा ठेवलं. चौसष्ट हजार.

"या मापानं मी अठरा टनांचा भरेन," काका म्हणाले. "घरी सांगायला नको."

कुणीतरी हसलं, पण धाकटी हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता. मागे उभ्या असलेल्या थोरलीच्या मनात आधी काय आलं, ते सांगायलाच हवं. आधी आलं, बरं झालं. अगदी गोड वाटलं. मग तिनं धाकटीची मान पाहिली, काट्यावर वाकलेली, केस घाईघाईनं वर बांधलेले. आणि तो गोडवा तोंडातच आंबला.

धाकटी दोन दिवस शोधत राहिली. थोरली दोन दिवस तिच्यापासून चार टेबलं पलीकडे बसून राहिली. एकदा उठून तिच्या खुर्चीपर्यंत गेलीही, आणि "जेवलीस का?" एवढंच विचारून परतली. तिसऱ्या सकाळी साहेबांनी पाचही गटप्रमुखांसह बैठक लावली. धाकटी आली ती हातात एक छापील पान घेऊनच.

"सापडलं," ती म्हणाली. "जुन्या बिल्डमधून निघालेला कोड आणि नव्यातून निघालेला, दोन्ही शेजारी ठेवून जुळवले. जुन्या फाइलमध्ये एक पर्याय होता. तो नव्यात आला नाही."

"का नाही आला?"

"मी काढला."

"कुणाला न विचारता?"

धाकटीनं हातातलं पान टेबलावर ठेवलं. थोरलीनं टेबलाची कड धरली.

"नीट विचारायला हवं होतं," धाकटी म्हणाली. "चूक माझी आहे."

खोलीत कागदांची सळसळ झाली. ट्रकच्या काट्याचा गटप्रमुख म्हणाला, की असं असेल तर निवडीचाच फेरविचार करावा. दुसऱ्यानं मान डोलावली. थोरलीनं काही न बोलता बसून राहायचं, बाकी सगळं आपोआप तिच्या बाजूनं पडणार होतं.

पण तिला ते सोसेना. आणि तो काही पश्चात्ताप नव्हता, निदान सुरुवातीला तरी नव्हता. ही पोरगी कामात पुढं गेली, घरात पुढं गेली, सासूच्या तोंडी हिचंच नाव. आता समोर बसून, आपल्या लबाडीवर पांघरूण घालून, चांगुलपणातही हीच वरचढ ठरणार? आणि आपण जन्मभर त्याच जिन्यानं खाली-वर करायचं, मनात हे ओझं घेऊन? मत्सरानं तिला जिन्यात खोटं बोलायला लावलं होतं. आता त्याच मत्सरानं तिला खुर्चीतून उठवलं.

"तिनं विचारलं होतं," थोरली म्हणाली. "मला विचारलं होतं. काढून टाक असं मी सांगितलं."

"तुमच्या लक्षात राहिलं नसेल," साहेब म्हणाले. त्यांनी वाट काढून दिली होती, त्या वाटेनं जाता आलं असतं.

"लक्षात होतं. ती ओळ कशासाठी आहे ते मला पक्कं माहीत होतं."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, बैठक संपली.

दुपारी त्यांनी तिला एकटीला बोलावलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. लायब्ररीची जबाबदारी धाकटीकडे गेली. थोरलीच्या नावे लेखी समज निघाली. आणि वर एक काम दिलं. जुन्या फाइलमधल्या चार हजार ओळी. प्रत्येक ओळ का आहे, ते लिहून द्यायचं.

संध्याकाळी ती जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबली. धाकटी वरून खाली आली, हातात कचऱ्याची पिशवी.

"तू का नाही सांगितलंस त्यांना?" थोरलीनं विचारलं.

"आणि मग राहायचं कुठं? जिना एकच आहे." धाकटीनं पिशवी खाली ठेवली. "मी काही देवमाणूस नाही, वहिनी. काल संध्याकाळी ती ओळ सापडली, तेव्हा आधी मला खरंच वाटलं, तुम्ही विसरलात. मग ती कशासाठी होती ते उमगलं, तेव्हा कळलं. असली ओळ लिहिणारं माणूस विसरत नसतं. इतका संताप आला, की तुमच्या दीरांवर उगाच ओरडले. ते बिचारे टीव्ही बघत होते."

"मग?"

"मग काय. घरच्या गोष्टी घरात ठेवायच्या म्हणून गप्प बसले. पण पुन्हा असं केलंत ना, तर भर बैठकीत तुमचं नाव घेईन. वहिनी-बिहिनी बघणार नाही."

थोरलीला वाटलं होतं, ही रडेल किंवा मिठी मारेल. दोन्ही झालं नाही, याचं तिला बरंच वाटलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. धाकटीनं नुसती मान हलवली, पिशवी उचलली आणि बाहेर गेली.

पुढचे सात आठवडे दोघी रोज दोन तास एका पडद्यासमोर बसायच्या. चार हजार ओळींपैकी अकराशे ओळी कशाच्याच उपयोगाच्या नव्हत्या, बंद पडलेल्या काट्यांच्या होत्या. अडीचशे ओळी का लिहिल्या ते थोरलीलाच सांगता येईना. तिनं खूप डोकं खाजवलं आणि शेवटी ‘आठवत नाही’ असं लिहिलं. हे लिहिताना तिला चारचौघांत पदर घसरल्यासारखं वाटलं. उरलेल्यांपैकी बहुतेक ओळींचं काम नवी सिस्टिम आपणहून करत होती. खरोखर मोलाच्या, कुणालाही दुसरीकडे सापडल्या नसत्या अशा ओळी निघाल्या सतरा. त्या सतरांपुढे थोरलीनं प्रत्येकी अर्धं पान लिहिलं. ‘जुनं’ नावाचा तो फोल्डरही एके दिवशी तिनं उघडून दाखवला. धाकटीनं त्यातल्या साठ फायली पाहिल्या, तारीख पाहिली, थोरलीकडे पाहिलं. "हे माझ्यापेक्षा बरं लिहिलंय," एवढंच म्हणाली, आणि त्यातला एक भाग जसाच्या तसा उचलला.

निवड बदलली नाही. जुना काटा अडीचशेला अडीचशे दाखवायला लागला, काटेवाल्या काकांनी सही केली. पुढं नवा माणूस आला, त्याचा पहिला बिल्ड जेवणाच्या सुट्टीआधी झाला, आणि तो थोरलीच्या टेबलाकडे फिरकलाही नाही. थोरलीनं लायब्ररी सोडून ट्रकच्या काट्याच्या गटात जागा मागून घेतली. तिथं तिला अगदी पहिल्यापासून शिकावं लागलं. तिचा गटप्रमुख तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान होता आणि दर वाक्याला ‘सोपंय’ म्हणायचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच तिचं होतं. वर्षभरानं एकदा लायब्ररीचा बिल्ड अडला. धाकटी सकाळपासून त्याच्याशी झुंजत होती. थोरली पाणी प्यायला जाताना मागे थांबली, पडद्याकडे पाहिलं, आणि तिला लगेच कळलं. क्षणभर तिचे पाय पुढं निघालेही होते. मग ती वळली, वाकली, बोट ठेवून म्हणाली, "इथं दोन फायलींचं नाव एकच आहे. एकीचं बदल. का, तेही सांगते." आणि चार वाक्यांत का ते सांगितलं.

"अय्या, हो की!" धाकटी म्हणाली. नाव बदललं, बिल्ड झाला, आणि ती लगेच पुढच्या कामाला लागली. थँक्यू म्हणाली, पण पडद्याकडे बघत.

पाच मिनिटं तरी कौतुक करायचं होतं, थोरलीच्या मनात आलं. निदान शेजारच्या दोघांना ऐकू जाईल असं तरी. ती पाण्याची बाटली भरून आपल्या जागेवर आली, काट्याचा कोड उघडला आणि तावातावानं लिहायला लागली. तो राग तिला दुपारपर्यंत पुरला, आणि तेवढ्यात तिचं अर्धं काम उरकलं.